तळटीप : स्टार फेरी

१. लेखकाने ‘बोटीने पलीकडे गेलो’ एवढ्यावरच भागवले आहे. ही हाँगकाँगची स्टार फेरी. कौलूनचे चिम शा चुई आणि हाँगकाँग बेट यांच्यामधली ही सेवा १८८८ मध्ये दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी सुरू केली. बोटीला दोन्हीकडे नाळच असल्याने ती वळवावी लागत नाही. उतारू लाकडी बाकाची पाठ खटकन पलीकडे ढकलतात आणि पुढे तोंड करून बसतात. १९६६ मध्ये पहिल्या वर्गाच्या भाड्यात अवघ्या पाच सेंटच्या प्रस्तावित वाढीवरून शहरात दंगल उसळली होती. बंदर पाहायला महागड्या सहलीच्या बोटींपेक्षा ही फेरीच बरी, तीही संध्याकाळी. फेरीचा बेटावरचा सेंट्रलचा धक्का २००६ मध्ये हलवला गेला, तेव्हा पुस्तकातल्या जुन्या नकाशावर वाचकांनी विसंबू नये. – संपा.