जैववायू, सूक्ष्मजीव आणि सामाजिक दृष्टी : महाराष्ट्रातील वाटचालीचा एक आढावा

अचलपूर-परतवाड्याच्या शेजारील अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे संत गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) जन्मगाव. त्यांनी खराट्याने गावोगावची घाण झाडली. त्या घाणीचे पुढे काय करावे, याचे एक उत्तर सूक्ष्मजीवांजवळ होते. समाजाने ते कितपत स्वीकारले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हवाबंद टाकीत जीवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करून आम्ले बनवितात व अखेरीस मिथेनजनक सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. हे सूक्ष्मजीव जीवाणूंहून भिन्न गटातील आहेत, हे कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखविले. तथापि त्यापूर्वी ८० वर्षे, म्हणजे १८९७ मध्ये, मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात मानवी मैल्यापासून मिळालेला वायू दिव्यांसाठी वापरला गेला होता. समाजाने दूर सारलेल्या माणसांच्या वस्तीत या तंत्राचा हा आरंभ झाला, ही बाब लक्षणीय आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात जशभाई पटेल यांचा आराखडा खादी व ग्रामोद्योग आयोगाने स्वीकारला आणि हे तंत्र खेड्यांत पोहोचले. मात्र ते 'गोबर गॅस' या नावाने. शेणाने चूल सारविणाऱ्या घराला शेणाचा वायू चालला. शौचकूपाचा वायू स्वयंपाकघरात नको होता. सूक्ष्मजीव असा भेद पाळीत नाहीत. या भेदाची किंमत डोक्यावरून मैला वाहणाऱ्या जातींनी मोजली.

हा भेद मोडण्याचा प्रयत्न कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी केला. मैल्याचे खत करणारे शौचालय त्यांनी प्रचारात आणले. पुढे देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुस्कर यांनी शौचालयांना जोडलेली जैववायू संयंत्रे रुजविली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

किळसेमागे आरोग्याचे कारणही आहे, हे नाकारता येत नाही. मैल्यातील कृमींची अंडी टाकीतून जिवंत बाहेर पडू शकतात. म्हणून स्लरीवर पुढील प्रक्रिया आवश्यक ठरते. परंतु हा प्रश्न तंत्राने सुटणारा आहे, जातीने नव्हे.

मैला हाताने उचलण्याच्या प्रथेवर १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली. तरीही २०१८ मधील केंद्रीय योजनेचे नाव 'गोबरधन' असेच पडले. तेव्हा महाविद्यालयीन अध्यापनात मिथेननिर्मितीच्या रासायनिक समीकरणासोबत हा सामाजिक इतिहासही शिकविला जावा. गाडगेबाबांच्या वऱ्हाडात ही अपेक्षा अनाठायी ठरू नये.