मार्च ऑफ डाइम्स : पोलिओ संशोधननिधीचा विनियोग

अमेरिकेत पोलिओविरुद्ध सामान्य लोकांकडून उभारलेला निधी आणि त्यातून विद्यापीठांत झालेला संशोधनखर्च. स्वतः पोलिओग्रस्त असलेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये ‘नॅशनल फाउंडेशन फॉर इन्फन्टाइल पॅरालिसिस’ ही संस्था स्थापन केली. विनोदी नट एडी कँटर यांनी लोकांना एकेक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, पाठवण्याचे आवाहन केले आणि व्हाइट हाउसच्या टपालात २६,८०,००० नाणी येऊन पडली.

लोकांना आस होती लसीची. पण समोर आजारी मुले होती. १९३८ ते १९५५ या काळात संस्थेने सुमारे २३.३ कोटी डॉलर रुग्णांच्या उपचारांवर खर्च केले. कृत्रिम श्वसनाची ‘लोखंडी फुप्फुसे’, कुबड्या, कॅलिपर, महिनोन्महिने चालणारे व्यायामोपचार यांत ते गेले. संशोधनाचा वाटा त्या मानाने लहान होता.

प्रकारनिश्चिती : लस बनवण्याआधी पोलिओच्या विषाणूचे प्रकार किती, हे ठरवणे भाग होते. एखादा प्रकार निसटला असता, तर लस घेतलेले मूलही लुळे पडले असते. १९४८ पासून पिट्सबर्ग, यूटा, कॅन्सस आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांनी हे किचकट, नावलौकिक न देणारे काम हाती घेतले. माकडाला आधी ज्ञात प्रकाराच्या विषाणूची बाधा करायची. ते सावरले की अज्ञात विषाणू टोचायचा. माकड धडधाकट राहिले, तर दोन्ही विषाणू एकाच प्रकारचे. लुळे पडले, तर वेगळे.

यासाठी हजारो माकडे लागली. लोकांचे डाइम भारतातून नेलेल्या ऱ्हिसस माकडांच्या वाहतुकीवर, पिंजऱ्यांवर, खुराकावर खर्ची पडले. त्यांच्यासाठी साउथ कॅरोलायनात ‘ओकेटी फार्म्स’ हे केंद्रच उभारावे लागले. अखेर प्रकार तीनच असल्याचे पक्के झाले आणि लसीचा मार्ग मोकळा झाला.

प्रकारनिश्चितीसाठी संस्थेकडून मिळालेल्या अनुदानातूनच पिट्सबर्गमध्ये शास्त्रज्ञ जोनास साल्क यांनी जागा, उपकरणे आणि मदतनीस जमवून प्रयोगशाळा वाढवली. वीज, देखभाल, हिशेब यांसारखा विद्यापीठांचा अप्रत्यक्ष खर्चही संस्थेने द्यावा, अशी व्यवस्था संशोधन संचालक हॅरी वीव्हर यांनी केली.

चाचणी : साल्क यांनी बनवलेल्या लसीच्या १९५४ मधील क्षेत्रीय चाचणीत सुमारे १८ लाख मुले सहभागी झाली. मुलांच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजण्यासाठी हेला पेशी लागत. त्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिच्या संमतीविना घेतलेल्या होत्या. संस्थेच्या पैशातून टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ व तंत्रज्ञांनी त्या वाढवल्या आणि सुमारे ६ लाख संवर्धने देशभरच्या प्रयोगशाळांना पाठवली. मूल्यमापन मिशिगन विद्यापीठात टॉमस फ्रान्सिस यांनी केले. १२ एप्रिल १९५५ रोजी लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे जाहीर झाले.

तोंडावाटे द्यायची लस : साल्क यांच्या यशानंतरही सिनसिनाटी विद्यापीठातील अल्बर्ट सेबिन यांच्या या लसीवरील कामाला संस्थेचे साहाय्य मिळत होते. १९९५ पासून भारतात पल्स पोलिओ मोहिमेत दिले गेलेले थेंब सेबिन यांच्या लसीचे. बूथवर बाळाच्या जिभेवर दोन थेंब टाकून डाव्या करंगळीला शाई लावली जाते.