चूलपट्टी

थंड देशांत हिवाळ्यासाठीं घर सज्ज करावयाचें म्हणजे प्रथम चूल व धुराडें नीट करावयाचें. ज्यावांचून माणसाचा निभाव लागत नाहीं, त्यावरच राज्यकर्त्यांची दृष्टि जावी, हा इतिहासाचा जुना अनुभव आहे. इंग्लंडांत दुसऱ्या चार्लसच्या कारकीर्दींत, इ. स. १६६२ मध्यें, दर चुलीमागें वर्षास दोन शिलिंग कर बसला. त्याचा एक हप्ता २९ सप्टेंबरचा, म्हणजे थंडी अगदीं तोंडावर आली असतांचा. अतिशय दरिद्री कुटुंबांस माफी होती. पण त्यांच्याहून किंचित् बऱ्या स्थितींतल्या गृहस्थास ऊब कीं पैसा, हा प्रश्न पडे. कित्येकांनीं चुली बुजवून टाकल्या. तेव्हां १६६४ त कायदा अधिक कडक झाला. चुली मोजण्यासाठीं अंमलदार थेट घरांत शिरत. लोकांस शिलिंगांपेक्षां हा अपमानच अधिक झोंबला. १६८९ त विल्यम व मेरी गादीवर येतांच हा कर उठला, आणि तो उठविणाऱ्या कायद्यांतहि या झडतीच्या जाचाचाच उल्लेख आहे. कर गेला, पण त्याच्या याद्या राहिल्या. कोणाच्या वाड्यांत किती चुली पेटत आणि कोणाचें कुटुंब एकाच चुलीभोंवतीं हिवाळा काढी, हें त्या आजहि निमूटपणें सांगतात.