कैलास लेणं कोणी कोरलं? तीन फॉरवर्ड आणि एक ताम्रपट

आज बोलूया वेरूळच्या १६ नंबरच्या लेण्याबद्दल, म्हणजे कैलासबद्दल. माझ्या फोनवर तरी या एका देवळावरून जेवढी भांडणं होतात, तेवढी क्रिकेटवरूनही होत नाहीत.

तीन दावे सारखे फिरत असतात. एक, हे माणसाचं काम नाही, एलियन येऊन करून गेले. दोन, औरंगजेबाने १६८२ मध्ये हजार मजूर लावले, तीन वर्षं घाव घातले आणि शेवटी हात टेकले. तीन, हे ‘त्यांचं’ नाहीच, ‘आमचं’ आहे. यातले ‘ते’ आणि ‘आम्ही’ ग्रुपप्रमाणे बदलतात. एकेक करून बघू.

एलियनवाल्यांचं गणित असं: ४ लाख टन दगड, १८ वर्षं, रोज १२ तास काम, म्हणजे तासाला ५ टन. माणसाला शक्य आहे का?

ऐकताना आपण गार होतो. पण हे ५ टन एकट्याने काढायचे होते का? तोच आकडा धरून वर्षाला ३०० दिवस आणि ५०० माणसं घ्या. माणशी रोज साधारण १५० किलो येतात. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, इतका जड असतो की १५० किलोचा तुकडा सव्वा फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच भरतो. दिवसभरात एवढाच. मेहनत प्रचंड आहे, पण ती माणसाचीच आहे.

आता मूळ आकडे बघू. लेण्याचं अंगण सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद, मागची कडा सुमारे ३३ मीटर उंच. हा अख्खा ठोकळा काढला असता तरी ४ लाख टन भरत नाहीत. शिवाय डोंगर पुढच्या बाजूला उतरता आहे आणि मधलं देऊळ तर काढलेलंच नाही, ते उभंच ठेवलंय! १८ वर्षांचं काय? राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने साधारण ७५६ ते ७७३ राज्य केलं, तेवढाच काळ उचलून लेण्याला चिकटवला. हर्मन गोएट्झ आणि म. के. ढवळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते काम एकाहून जास्त राजांच्या काळात चाललं.

आता औरंगजेब. इथे विषय नाजूक होतो, कारण त्याची कबर वेरूळपासून चार-पाच किलोमीटरवर खुलताबादला आहे, आणि ती हटवण्याच्या आंदोलनानंतर मार्च २०२५ मध्ये नागपुरात हिंसाचार झाला. फोनवरच्या वाक्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते, म्हणून पुरावा मागायचा.

‘मआसिर-ए-आलमगिरी’ हा औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास साकी मुस्तैद खानाने १७१० मध्ये पुरा केला. काशी आणि मथुरेची देवळं पाडल्याच्या नोंदी त्यात आहेत, त्याही अभिमानाने. लपवाछपवी नाहीच. त्याच पुस्तकात वेरूळही येतं. तिथे लेखक जुन्या काळच्या दगड फोडणाऱ्यांच्या जादूसारख्या कसबाचं आणि परिसराचं कौतुक करतो. देवळं पाडल्याचं मिरवणारा लेखक तीन वर्षांची मोहीम का गाळेल? कैलासातल्या मूर्ती फुटलेल्या आहेत हे खरं, त्या डोळ्यांना दिसतात. पण फुटलेली मूर्ती स्वतःहून तारीख आणि नाव सांगत नाही. त्यासाठी त्या काळची नोंद लागते. मथुरेची आहे म्हणून आपण ती मानतो. वेरूळलाही तोच नियम.

तिसरा दावा, लेणी कोणाची? इथे ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. १५ नंबरचं दशावतार लेणं आधी बौद्ध विहार म्हणून सुरू झालं असावं, असं काही अभ्यासक त्याच्या आराखड्यावरून म्हणतात. त्यावर जरूर वाद घाला, तो खरा प्रश्न आहे. पण १० नंबरचं लेणंही बघा. आत बुद्धमूर्ती आहे, आणि लोकांनी त्याला नाव दिलं ‘सुतार लेणं’. सुतार मंडळी त्याच मूर्तीला विश्वकर्मा मानून हात जोडायला यायची. आपल्या ग्रुपमधल्या रकान्यांत त्यांना कुठे बसवणार?

या तिन्ही भांडणांत एक माणूस गायब आहे, छिन्नी धरणारा. एलियनवाला त्याची अक्कल काढून घेतो. दुसरा दावा त्याच्या कामाला फक्त कोणाच्या तरी पराभवाची खूण करून टाकतो. तिसरा त्याला धर्माचा शिक्का मारून मोकळा होतो.

जुन्या लोकांनी त्याला विसरलं नव्हतं. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’मध्ये गोष्ट आहे: कळस दिसेपर्यंत जेवणार नाही असा राणीने नवस केला, तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने देऊळ वरून खाली कोरत आणलं. ही दंतकथाच. पण कोकसाच्या घराण्यातले कारागीर मध्य भारतातल्या ११ ते १३ व्या शतकांतल्या शिलालेखांत खरोखर भेटतात.

त्याहून जुना पुरावा बडोद्याचा. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा इसवी सन ८१२ चा ताम्रपट आहे. रा. गो. भांडारकरांनी १८८३ मध्ये त्यातल्या एलापूरच्या देवळाचा संबंध याच कैलासाशी जोडून दाखवला. त्यात काय आहे? विमानातून जाणारे देव हे देऊळ बघून थक्क होतात, त्यांना ते स्वयंभू वाटतं. आणि ते घडवणारा कारागीर स्वतःच चकित होऊन म्हणतो, हे माझ्या हातून झालं कसं? पुन्हा जमेल असं त्यालाही वाटत नाही.

‘विमान’ शब्द सापडला म्हणून लगेच फॉरवर्ड करू नका! विमानातले इथे फक्त बघायला आलेत. काम करणारा जमिनीवर उभा आहे.

कैलासासमोर कोणी हात जोडले तर त्याच्याशी वाद नाही, ती त्याची श्रद्धा. पण कोणी वर्ष, टन आणि मजूर मोजायला लागला की ते विधान तपासायचं असतं, मग ते आपल्या बाजूचं का असेना. पुढच्या वेळी ग्रुपवर हे आलं की एवढंच विचारा: कुठे लिहिलंय, कधी लिहिलंय, आणि भागाकार करून बघितलास का?

भेटू पुढच्या भागात.