मार्कंड्याचा वाळूचा काठ : कधी जावं, काय जपावं?

विदर्भाला समुद्र नाही. पण वाळूचा शांत काठ हवा असेल, तर गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात मार्कंडा आहे. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा इथे वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून तिला उत्तरवाहिनी म्हणतात. काठावरच मार्कंडेश्वराचं प्राचीन, कोरीव दगडी मंदिर आहे.

कधी जावं? पावसाळा सरला की पाणी ओसरतं, वाळू उघडी पडते. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

काय जपावं? नदीचा तळ सपाट नसतो. उथळ पाण्यालगत खोल डोह असू शकतो. वर भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्द धरण आहे. तिथून पाणी सोडलं, की इथे पाऊस नसतानाही नदी चढते. म्हणून पात्रातल्या वाळूवर उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारा.