चौकातला कॅमेरा आणि आपला हक्क

नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत सीसीटीव्हीवर भर आहे. चोर टिपणारा कॅमेरा मोर्चातला आपला चेहराही टिपतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा गुन्हे रोखण्याच्या कामाला बरीच सूट देतो. माहिती सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून मात्र सुटका नाही.

म्हणून आपण महापालिकेला विचारू : चित्रण किती दिवस ठेवता? कोण पाहते? कोणाला देता? चेहरा ओळखणारी यंत्रणा जोडली आहे का? माहिती अधिकाराच्या अर्जाला शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात कोणा व्यक्तीची माहिती नको, नियमांची प्रत मागावी.