त्या आरोळ्या कुणाच्या?

माझ्याकडच्या लाइव्ह रेकॉर्डिंग्जमधली सगळ्यात लाडकी सीडी म्हणजे जॉनी कॅशची 'अ‍ॅट फॉल्सम प्रिझन'. १३ जानेवारी १९६८, कॅलिफोर्नियातला तुरुंग, समोर कैदी. पहिल्याच गाण्यात खुनाची कबुली येते आणि कैदी खूश होऊन ओरडतात... अंगावर काटा यायचा राव!

पण मायकेल स्ट्राइसगुथ या अभ्यासकाने दाखवून दिलं, की ती आरोळी नंतर स्टुडिओत जोडलेली आहे. बरोबरच आहे म्हणा, पहारेकरी उभे असताना कोण ओरडणार? इतकी वर्षं मी मात्र त्या बिचाऱ्यांना खुनावर टाळ्या पिटणारे समजत होतो.

२००८ साली त्या दिवसाचे दोन्ही कार्यक्रम प्रसिद्ध झाले. हल्ली मी तेच लावतो. त्यातला पहिला जास्त रंगलाय.